पक्षी आणि वन्यजीवांवरची संध्याकाळची मोफत व्याख्यानं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यान संपल्यावर खुर्च्या उचलता उचलता लोक जे विचारतात, तेच इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न व्यवस्थेचे आहेत, काही पक्ष्यांचे. पक्ष्यांचे काही प्रश्न तर इतक्यांदा येतात की उत्तर तोंडपाठ झालंय, तरी दर वेळी सांगायला मजा येते. त्यामुळे उत्तरांची लांबी कमीजास्त झाली आहे, ती तशीच ठेवली.

या व्याख्यानांत नेमकं काय असतं?

एक वक्ता, एक पडदा, पाऊण-एक तास बोलणं आणि मग प्रश्न. बोलणारा माणूस कधी संशोधक असतो, कधी प्राण्यांचा डॉक्टर, कधी जंगलात नोकरी केलेला, तर कधी दिवसभर हिशेबाच्या वह्या सांभाळून वीस वर्षं दर रविवारी एकाच तळ्यावर जाणारा. या शेवटच्या प्रकारातल्या माणसाचं व्याख्यान बहुतेक वेळा सगळ्यात रंगतं. त्याच्याकडे फोटो यथातथाच असतात, पण त्या तळ्यावर कोण कधी येतं, कोण यायचं थांबलं, हे त्याला वहीत न बघता सांगता येतं.

कल्पना काही नवी नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या दशकात शुक्रवार संध्याकाळची विज्ञान व्याख्यानं सुरू केली. ती तिथल्या सदस्यांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी होती. इथे सदस्यत्व वगैरे काही लागत नाही.

संध्याकाळीच का? पक्षी तर सकाळी दिसतात.

म्हणूनच. सकाळी बोलायला बोलावलं तर वक्ता येणार नाही, तो बाहेर असेल. शिवाय नोकरी-शाळा सुटलेल्या असतात आणि पडद्यावरचं चित्र अंधारातच नीट दिसतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी सूचनापत्रकावर कधी छापली जात नाही. अर्धा तास आधी या आणि बाहेरच थांबा. साळुंक्या आणि कावळे रातथाऱ्यावर परततात तो गोंधळ ऐका. आधी एकेक, मग दहा-दहा, मग एकाच झाडावर सगळ्यांची भांडणं, आणि अंधार पडायच्या सुमारास कुणीतरी कळ दाबल्यासारखी शांतता. त्याच वेळी वटवाघळं बाहेर पडतात. युरोपात साळुंकीच्या नात्यातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे सूर्यास्ताला आकाशात आकार बदलत फिरतात. रोममधल्या थव्यांचे फोटो घेऊन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे बघून वळतो. पुढारी कुणीच नसतो. हे सगळं आत बसून ऐकण्याआधी बाहेर उभं राहून थोडं बघितलेलं असलं की व्याख्यान वेगळंच लागतं.

मोफत कसं परवडतं? शेवटी काही विकायला येणार नाही ना?

नाही. जागा बहुधा वाचनालय, शाळा किंवा एखादं सभागृह भाडं न आकारता देतं, वक्ते मानधन घेत नाहीत किंवा नाममात्र घेतात, बाकीची कामं स्वयंसेवक करतात. दाराशी पेटी ठेवलेली दिसली तर टाकायचं ते टाका, नाही टाकलंत तरी कुणी बघत नाही. सहलीची किंवा महागड्या कॅमेऱ्याची जाहिरात करायला येणाऱ्या वक्त्याला मात्र आधीच नाही म्हणावं, या मताचा मी आहे. एकदा असा अनुभव घेतला. पन्नास मिनिटांत चाळीस मिनिटं लेन्सचं कौतुक आणि बिबट्या नावापुरता.

आधी नाव नोंदवावं लागतं का?

शक्यतो नाही. जागा लहान असेल तर तसं कळवलेलं असतं. उशीर झाला तर मागच्या दाराने या आणि प्रोजेक्टरच्या समोरून जाऊ नका, एवढंच.

मला चिमणी आणि कावळ्यापलीकडे एकही पक्षी ओळखता येत नाही. मी येऊन काय करू?

तुम्हाला दोन ओळखता येतात, म्हणजे दोन व्याख्यानं पुरतील एवढा ऐवज तुमच्याकडे आहे.

चिमणी दाणे टिपते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पिल्लांना ती दाणे भरवत नाही, किडे आणि अळ्या भरवते. चिमणी घरट्यात शिरताना तिच्या चोचीत काय आहे ते बघा, हिरवं काहीतरी वळवळताना दिसेल. बाल्कनीत दाण्यांची वाटी ठेवायची आणि कुंड्यांवर कीटकनाशक फवारायचं, असं केलं तर मोठ्यांची सोय होते आणि पिल्लांची उपासमार.

कावळ्याचं तर विचारूच नका. त्याच्या घरट्यात कोकिळा अंडं घालते हे शाळेत शिकलेलं असतं. पण व्याख्यानात हात वर करायला सांगितलं, की 'कुहू कुहू' कोण करतं या प्रश्नाला निम्म्याहून जास्त लोक 'कोकिळा' म्हणतात. तो आवाज नराचा. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा कोकीळ. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा, अजिबात गाण्यासारखा नसलेला. कवितांनी केलेला हा घोळ एका संध्याकाळी निस्तरत नाही, पण घरी जाताना लोक त्यावर बोलत असतात.

नवशिक्यांसाठी वेगळं व्याख्यान ठेवावं का, असंही कुणी विचारतं. माझं मत नाही. वक्त्याला समोर चार नवखे चेहरे दिसले की तो लॅटिन नावं सोडून माणसासारखं बोलायला लागतो, आणि त्यात जाणकारांचाही फायदा असतो.

लहान मुलांना आणलं तर चालेल का?

आणा आणि पुढच्या रांगेत बसवा. सहा-सात वर्षांपुढची मुलं सहज रमतात. त्याहून लहान असलं तर दाराजवळची खुर्ची धरा, कंटाळलं की बाहेर नेता येतं. कुणी डोळे वटारणार नाही.

मुलांच्या प्रश्नांनी वक्त्यांची भंबेरी उडते, ते बघण्यासारखं असतं. 'पक्षी झोपल्यावर फांदीवरून पडत का नाहीत?' असं एका मुलीने विचारलं. वक्त्याने पुस्तकातलं उत्तर दिलं. पक्षी बसला, पाय दुमडला, की पायातले स्नायुबंध ताणले जातात आणि बोटं आपोआप फांदीभोवती आवळतात, म्हणून. मुलगी समाधानाने बसली. पुढच्या महिन्यात तोच वक्ता श्रोता म्हणून आला आणि उठून म्हणाला, मी शोधून बघितलं, ते तितकं सरळ नाही. २०१२ मध्ये स्टार्लिंग पक्ष्यांवर केलेल्या अभ्यासात झोपलेल्या पक्ष्यांची बोटं अशी आपोआप आवळली जात नाहीत, ते बरंचसं तोल सांभाळूनच बसतात, असं दिसलं. मुलगी त्या दिवशी आली नव्हती. तिच्या आईकडे निरोप दिला.

झोपेवरच दुसऱ्या मुलाने विचारलं होतं, बदकं सगळी एकदम झोपतात का? नाही. ओळीने झोपलेल्या बदकांमध्ये टोकाचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतं. त्याचा अर्धा मेंदू झोपलेला असतो, अर्धा पहाऱ्यावर.

दुर्बीण आणायची का?

सभागृहात कशाला? पण नवीन घ्यायची असेल आणि कुठली ते ठरत नसेल, तर व्याख्यानानंतर इथल्या लोकांच्या गळ्यात लटकणाऱ्या दुर्बिणी मागून बघा. हौसेने देतात. दुर्बिणीवर '८×४२' लिहिलेलं असतं, त्यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवशिके पहिला आकडा मोठा शोधतात आणि फसतात. १२ किंवा १६ पटीची दुर्बीण हातात धरली की हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो, पक्षी सोडून फांद्याच नाचताना दिसतात. ८ पुरे.

फक्त पक्ष्यांवरच बोलतात का?

नाही. वटवाघळं, बेडूक, साप, कोळी, मुंग्या, समुद्रकिनाऱ्यावरचे जीव, सगळ्यांवर होतं. सस्तन प्राण्यांच्या दर पाच प्रजातींमागे साधारण एक वटवाघळाची असते. जगात त्यांच्या १,४०० हून जास्त प्रजाती आहेत, त्यामुळे वटवाघळांवर वर्षातून एकदा तरी बोलायलाच हवं.

वाघावरच्या व्याख्यानाला मात्र दारापर्यंत गर्दी होते आणि कोळ्यांवरच्या व्याख्यानाला अकरा जण. याचा राग येतो, लपवत नाही. त्या अकरा जणांनी दोन तास वक्त्याला सोडलं नव्हतं.

जिवंत साप किंवा घुबड दाखवायला आणता का?

नाही, आणि कुणी आणतो म्हणाला तर नको म्हणतो. पिशवीतून काढलेला, दिव्यांच्या झोतात धरलेला साप शांत दिसतो तो भेदरलेला असतो म्हणून. दिवसा हातावर बसवलेलं घुबड डोळे मिटतं ते झोप आली म्हणून नव्हे. शिवाय वन्यप्राणी जवळ बाळगायला बहुतेक देशांत परवानगी लागते. खरं कारण मात्र वेगळं आहे. प्राणी हाती धरलेला दिसला की पंधरा मिनिटांनी घरी जाऊन तसंच करून बघायचा मोह मुलांना होतो.

त्याऐवजी संग्रहालयाकडून रीतसर मागून आणलेली पिसं बघायला मिळतात. एका वक्त्या बाईंनी केलेला प्रयोग सांगतो. दोन पिसं, एक कावळ्याचं, एक गव्हाणी घुबडाचं. डोळे मिटायला सांगून त्यांनी पहिल्या रांगेतल्या एकाच्या कानाजवळ कावळ्याचं पीस हवेत फिरवलं. फर्र असा स्पष्ट आवाज. मग घुबडाचं. तो माणूस डोळे मिटून वाट बघत राहिला, 'फिरवा की' म्हणाला. ते फिरवून झालं होतं. मग भिंगाखाली दाखवलं. घुबडाच्या सर्वात बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला बारीक कंगव्यासारखे दात असतात, वरचा पृष्ठभाग मखमलीसारखा आणि मागची कड झालरीसारखी सुटी. हवा फाटत नाही, विंचरली जाते. त्यात गव्हाणी घुबडाचे दोन कान वेगवेगळ्या उंचीवर असतात. उंदराचा आवाज दोन्ही कानांना सारखा पोचत नाही, त्या फरकावरून पूर्ण अंधारातही तो कुठे आहे ते घुबडाला कळतं. स्वतःच्या पंखांचा आवाज होत असता तर हे कान फुकट गेले असते.

मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवता का?

सभागृहात वाजवतो, बाहेर नाही. रानात आवाज वाजवला की त्या हद्दीतल्या नराला वाटतं प्रतिस्पर्धी घुसला. तो खाणं सोडून, घरटं सोडून भांडायला येतो, आणि भांडायला कुणीच सापडत नाही. विणीच्या हंगामात रोज दहा माणसांनी हेच केलं तर त्याचं काय होत असेल ते बघा.

आवाजावरून पक्षी ओळखायचा असेल तर उलटं करा, आपण ऐका. मर्लिन नावाच्या अॅपमध्ये २०२१ पासून ही सोय आहे. ते आवाजाचं चित्र काढून त्यातला आकार जुळवतं. चुकतंही. कोतवाल इतर पक्ष्यांच्या नकला करतो, तेव्हा अॅप बिचारं शिकरा आला म्हणून सांगत बसतं.

फोटो दाखवता, पण घरट्याची जागा का सांगत नाही? इतकं काय लपवायचं?

हा प्रश्न थोड्या रागानेच विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो, आणि यातली चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका घुबडाच्या जोडीचे फोटो मी स्वतः एका व्याख्यानात दाखवले. जागेचं नाव घेतलं नाही. पण एका फोटोत मागे पाण्याची टाकी दिसत होती, तिच्यावर रंगवलेला आकडा अगदी स्पष्ट. पुढच्या रविवारी त्या झाडाखाली अकरा कॅमेरे होते. कुणी वाईट नव्हतं, सगळे माझ्यासारखेच हौशी. एकाने चांगला प्रकाश मिळावा म्हणून समोरच्या दोन फांद्या तोडल्या. त्या फांद्या ढोलीवर सावली धरत होत्या आणि कावळ्यांपासून आडोसाही. तीन आठवड्यांनी ढोली रिकामी होती.

तेव्हापासून फोटोंची पार्श्वभूमीही तपासतो. मोबाईलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात, फोटो पाठवताना ते सोबत जातात, हेही लक्षात ठेवायला हवं. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या व्यवस्थासुद्धा धोक्यातल्या प्रजातींच्या नेमक्या जागा लोकांपासून झाकून ठेवतात. शिकारी आणि तस्करही इंटरनेट वाचतात.

इतक्या लांबून पक्षी येतात म्हणता, ते कुणी मोजलं?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

ऋतू बदलला की पक्षी नाहीसे होतात, हे माणसाला हजारो वर्षं दिसत होतं. जातात कुठे, ते कळत नव्हतं. अॅरिस्टॉटलच्या लिखाणात काही पक्षी बिळांत लपून झोपतात आणि काही चक्क दुसऱ्या जातीचे होतात, असं आहे. मग १८२२ मध्ये जर्मनीत एक पांढरा करकोचा मिळाला, मानेत आरपार भाला घुसलेला. भाल्याचं लाकूड आणि घडण मध्य आफ्रिकेतली. तो भाला मानेत घेऊन तो उडत परत आला होता. बिळात झोपल्याने कुणाच्या मानेत आफ्रिकेतला भाला घुसत नाही. तो करकोचा पेंढा भरून रोस्टॉकच्या विद्यापीठात अजून ठेवलेला आहे.

डेन्मार्कमधले शिक्षक हान्स क्रिस्टियान मॉर्टेनसन यांनी १८९९ मध्ये स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात अॅल्युमिनियमची कडी घातली, त्यावर क्रमांक आणि पत्ता. पक्ष्यांना शास्त्रीय पद्धतीने कडी घालणं तिथून सुरू झालं. कड्याची अडचण अशी की पक्षी कुठून निघाला आणि कुठे सापडला एवढंच कळतं, मधली वाट नाही. पुढे सुमारे दीड ग्रॅमचं यंत्र आलं, जे फक्त उजेडाची नोंद ठेवतं. सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला यावरून पक्षी त्या दिवशी साधारण कुठे होता ते काढता येतं. जुन्या खलाशांचंच गणित. आर्क्टिक टर्न, म्हणजे सुरय कुळातला शंभरेक ग्रॅमचा पक्षी, उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जाऊन परत येताना वर्षाला सरासरी ७०,००० किलोमीटर उडतो, हे २०१० मध्ये याच यंत्रामुळे कळलं.

आणि आता उपग्रह. ऑक्टोबर २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट, म्हणजे पाणटिवळ्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांनी टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, मध्ये एकदाही न उतरता. हा पक्षी पोहणारा नाही, समुद्रावर टेकता येत नाही. निघण्याआधी हे पक्षी अंगात भरपूर चरबी साठवतात आणि आतडी, जठर असे पचनाचे अवयव आकसून घेतात. वाटेत खायचंच नाही, मग ते ओझं कशाला? सभागृहात एवढं सांगून झालं की हमखास दोन क्षण कुणी काही बोलत नाही.

वक्त्याने सांगितलेलं चूक निघालं तर?

निघतं की. वर झोपेचं उदाहरण आहेच. सुतार पक्ष्याच्या कवटीत धक्के शोषणारी गादी असते, हे मी स्वतः वर्षानुवर्षं सांगितलं. २०२२ मध्ये संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून दाखवलं की तसं काही नसतं. कवटी कडक हातोड्यासारखी वागते. ती धक्का शोषत असती तर लाकडावरचा घावच मऊ पडला असता. मेंदूला इजा होत नाही ती मेंदू लहान असल्यामुळे. शंका आली तर उठून विचारा. चांगला वक्ता 'बघून सांगतो' म्हणतो.

प्रत्येक व्याख्यान शेवटी 'सगळं संपत चाललंय' इथेच का येतं?

तक्रार रास्त आहे. एका बाईंनी तर सांगितलं, मुलगा घरी जाऊन रडला. तेव्हापासून वक्त्यांना एवढंच सांगतो, की वाईट बातमी सांगा, पण कारणासकट सांगा.

गिधाडांची गोष्ट घ्या. १९९० च्या दशकापासून दक्षिण आशियातली गिधाडं भराभर मरू लागली. तीन प्रजाती ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या. रोग असेल, उपासमार असेल, असे तर्क झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कारण निघालं डायक्लोफिनॅक, गुरांना दिलं जाणारं साधं वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी घातली. गिधाडं लगेच परतली नाहीत, पण कोसळणं मंदावलं. ही गोष्ट दुःखाची आहे आणि तपासकथाही आहे, आणि ऐकणारा घरी जाताना औषधाचं नाव लक्षात घेऊन जातो.

तुमच्या-माझ्या हातातल्या गोष्टीही असतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांनी सात वर्षांतल्या सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्षी वाटेवरून खेचले, असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. झोत बंद केले की काही मिनिटांत पक्षी पांगत. स्थलांतराच्या दिवसांत गच्चीवरचा दिवा बंद करायला पैसे पडत नाहीत. काचेवर पक्षी आपटत असतील तर ससाण्याच्या आकाराचं एकच स्टिकर लावून उपयोग नाही, काचेच्या बाहेरून दर पाच सेंटिमीटरवर ठिपके हवेत.

आणि कधीतरी विस्डमची गोष्ट सांगावी. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरची ही लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची मादी. तिला १९५६ मध्ये कडं घातलं, तेव्हाच ती पूर्ण वाढलेली होती. २०२४ च्या अखेरीस, निदान ७४ वर्षांची असताना, तिने पुन्हा अंडं घातलं.

घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं. काय करू?

व्याख्यान कशावरही असो, हा प्रश्न येतोच. आधी बघा, पिसं आली आहेत का? अंगभर पिसं, आखूड शेपटी, फुदकतंय, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्याच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. उघडं, पिसं नसलेलं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही.

चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध तर मुळीच नको. जखमी असेल तर झाकण असलेल्या, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून जाणकारांकडे न्या. वटवाघूळ मात्र उघड्या हाताने कधीच उचलू नका, चावलं तर रेबीजचा धोका असतो.

प्रश्न विचारायला लाज वाटते.

चिठ्ठी लिहून पुढे द्या. ज्यांना लाज वाटत नाही आणि ज्यांचा प्रश्न हे खरं तर दहा मिनिटांचं भाषण असतं, त्यांच्यासाठीही एक चिठ्ठी असते, ती आम्ही पुढे देतो.

रेकॉर्डिंग करू का?

वक्त्याला विचारून. पडद्यावरचे फोटो त्यांच्या मालकीचे असतात.

ऐकायला कमी येतं, जिना चढता येत नाही.

आधी कळवलंत तर पुढची जागा राखून ठेवता येते आणि जिन्याशिवायची वाट आहे का ते सांगता येतं. वक्ता 'मला माईक लागत नाही' म्हणाला तरी माईक देतोच. त्याला लागत नसेल, तिसऱ्या रांगेला लागतो.

मलाही बोलायचंय, पण मी तज्ज्ञ नाही.

किती दिवस, एकाच जागी, काय बघितलंत? याचं उत्तर असेल तर या. खिडकीसमोरच्या एका झाडावर वर्षभर कोण कोण आलं, यावर अप्रतिम व्याख्यान होतं.

पूर्वी स्लाइडचा गोल ट्रे असायचा, त्यात ८० खाचा. त्यामुळे आपोआप मर्यादा पडायची. एकदा माझा ट्रे जिन्यावर उपडा झाला. घाईत भरलेल्या स्लाइडपैकी निम्म्या उलट्या लागल्या, खंड्या पाण्यातून वर आकाशात सूर मारताना दिसला आणि लोक पोट धरून हसले. आता लॅपटॉपमध्ये चारशे फोटो मावतात, आणि लोक ते दाखवतात! चाळीस पुरेत. धूसर फोटो वगळू नका. पक्षी शेवटी तसाच दिसतो, पानांआड, अर्धा, पाठमोरा. आणि पहिल्या पाच मिनिटांत स्वतःचा परिचय नको, पक्षी आणा.

व्याख्यान आवडलं. पुढे काय?

वही घ्या. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, किती दिसले. अमेरिकेत नाताळच्या दिवशी पक्ष्यांची शिकार करायची स्पर्धा चाले. फ्रँक चॅपमन यांनी १९०० मध्ये सुचवलं, मारण्याऐवजी मोजू या. पहिल्या नाताळला २७ जणांनी मोजलं. ती गणना आजही दरवर्षी होते आणि तिच्यातून पक्ष्यांची शंभराहून जास्त वर्षांची चढउतार वाचता येते. २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्डवर कुणालाही, कुठूनही पंधरा मिनिटांची यादी देता येते. 'पाच कावळे, दोन साळुंक्या' ही यादीसुद्धा चालते. नेहमीचे पक्षी लोक नोंदवतच नाहीत, आणि मग ते कमी कधी झाले तेच कळत नाही.

संपल्यावर किती वेळ थांबता येतं?

किल्ली परत द्यायची असते, म्हणून साधारण अर्धा तास. खुर्च्या रचायला हात लावलात तर वक्ता तेवढा जास्त वेळ तुमच्या वाट्याला येतो. बाहेरचा दिवा आम्ही मुद्दाम शेवटी लावतो. दाराच्या वर, पत्र्याखाली पिंगळ्यांची जोडी आहे, आणि त्या वेळी ती बाहेर निघते.